कोल्हापूर दोन दिवसांत: कधी काय पाहायचं, कधी काय खायचं

कोल्हापूर घड्याळ लावून बघायचं गाव आहे. नावाजलेली मिसळ दुपारी एकनंतर मिळेलच असं नाही. मटणाचं ताट तीनच्या पुढं गेलं की रस्सा तळाचा येतो. खासबागेतल्या भेळेच्या गाड्यांना रंग चढतो तो संध्याकाळी, आणि गंगावेशीतलं दूध धारा काढायच्या वेळेलाच. अंबाबाईचं देऊळ पहाटे एक असतं आणि रविवारी अकरा वाजता दुसरंच असतं. बहुतेक पाहुण्यांचा दिवस फसतो तो इथंच. रविवारी अकराला गाडी शहरात शिरते, पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो, दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास, बाहेर आल्यावर पोटात कावळे, आणि मग समोर दिसेल त्या हॉटेलात ‘कोल्हापुरी’ नावाची लाल भाजी. पुढं सांगितलेला क्रम त्यासाठीच आहे. दीड-दोन दिवस लागतात, आणि जुन्या शहराचा भाग पायीच करायचा.

गाडी आणि मुक्काम

चारचाकी असेल तर बिंदू चौकातल्या वाहनतळावर लावा आणि संध्याकाळपर्यंत विसरा. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी या गल्ल्यांत गाडी घालू नका, सणासुदीला तर तिथं चालायलाही जागा नसते. बिंदू चौकातून भवानी मंडप पाच-सात मिनिटांवर, तिथून देऊळ लागूनच. खासबाग, बिनखांबी गणपती, मिरजकर तिकटी, गंगावेस हे सगळं देवळापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत बसतं. एस.टी. स्टँड आणि रेल्वे स्टेशन मात्र दोन-अडीच किलोमीटरवर आहेत, तिथून रिक्षा किंवा केएमटीची (शहर वाहतुकीची) बस घ्या.

बिंदू चौकात उतरल्याउतरल्या दोन गोष्टी बघून घ्या. एक, सबजेलच्या बाजूला उरलेली जुन्या तटबंदीची भिंत आणि बुरूज. कोल्हापूर तटाच्या आतलं शहर होतं, त्याचा एवढाच ठळक पुरावा आता रस्त्यावर दिसतो. दुसरी, महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे. ते ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत.

देऊळ: दर्शन वेगळं, बघणं वेगळं

पहाटे साडेपाच-सहाला देवळात असाल तर दर्शन आणि देऊळ बघणं दोन्ही नीट होतं. मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र या दिवशी गर्दी असतेच. गाभाऱ्याजवळून दर्शनाची रांग पूर्व दरवाजाकडून लागते. वेळ नसेल, सोबत म्हातारी माणसं असतील, तर मुखदर्शन घ्या. समोरून, थोडं लांबून दिसतं, पण बरंच लवकर होतं. मोबाईल आणि चामडी वस्तू बाहेरच ठेवाव्या लागतात. कपडे अंगभर असावेत.

दर्शन झालं की लगेच महाद्वारातून बाहेर पडू नका. देवळाच्या बाहेरून एक सावकाश प्रदक्षिणा घाला. भिंत सरळ नाही, कोन आत-बाहेर करत चांदणीसारखी फिरते, त्यामुळं प्रत्येक कोपऱ्यावर सावली तुटते आणि कोरलेल्या बायका, वादक, योगिनी उठून दिसतात. हा सगळा काळा दगड एकावर एक बसवलेला आहे. मग मान वर करा. दगडी भिंत संपते आणि शिखरं सुरू होतात तिथं रंग आणि घडण दोन्ही बदलतात, कारण शिखरं नंतरच्या काळातली आहेत. लोक सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात, पण मूळ बांधणी हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंतांच्या, आधीची आहे आणि त्यात शिलाहारांसह अनेक राजवटींनी भर घातली. आत मधोमध महालक्ष्मी म्हणजेच अंबाबाई, उत्तरेला महाकाली आणि दक्षिणेला महासरस्वती अशी तीन गर्भगृहं आहेत. पूर्व दरवाजाजवळच्या शेषशायी विष्णूच्या छोट्या देवळात गेलात तर छताकडं बघा. तिथलं कोरीवकाम गर्दीत कुणाच्या नजरेला पडत नाही.

देवी पश्चिमेकडं तोंड करून आहे, म्हणून किरणोत्सव होतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. हे होतं काही मिनिटांत आणि दर वर्षी पूर्ण होतंच असं नाही. ढग आले, हवेत धूर-धुकं असलं किंवा किरणांच्या वाटेत काही आडवं आलं तर किरणं गुडघ्यापर्यंत येऊन विरतात. यासाठी यायचं असेल तर तीनही दिवस हातात ठेवा आणि दुपारी चारच्या आत परिसरात पोहोचा. साधं दर्शनच हवं असेल तर त्या संध्याकाळी येऊ नका.

महाद्वारातून बाहेर पडून बिनखांबी गणपतीच्या देवळात दोन मिनिटं थांबा. सभामंडपात एकही खांब नाही आणि छत तरीही तोललेलं आहे. खाली उभं राहून ते छत नीट बघा.

भवानी मंडप

नगारखान्याच्या कमानीखालून आत जायचं. काळ्या दगडाची ही उंच वेस एकेकाळी राजवाड्याचं तोंड होती. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे, छत्रपती घराण्याचं कुलदैवत. लाकडी खांब, जुनी चित्रं, पेंढा भरलेला गवा हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. बाहेरच्या चौकात मेन राजाराम हायस्कूलची दगडी इमारत आहे, तिच्या टोकदार कमानी आतून नाही तर चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघायच्या.

मिसळ

आता नऊ-साडेनऊ वाजलेले असतील. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, चोरगे, खासबाग ही ठरलेली नावं. यातल्या कुठल्याही ठिकाणी सुट्टीच्या दिवशी साडेनऊनंतर थांबावं लागतं, आणि माल संपला की दुकान बंद, मग दुपारचे बारा वाजलेले असोत की एक. भवानी मंडपातून उद्यमनगरला रिक्षानं दहा मिनिटं.

ताटलीत मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू येतं. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळ्या वाटीत मिळतो किंवा आधीच ओतलेला असतो. ‘कट वेगळा द्या’ असं आधीच सांगा, त्यानं तिखट आपल्या हातात राहतं. सगळा कट एकदम ओतला तर फरसाण दोन मिनिटांत लगदा होतं. तीन-चार चमचे ओतायचे, तेवढा भाग कुरकुरीत असेपर्यंत खायचा, परत ओतायचा. कट संपला तर मागून घ्या, वाढतात. कोल्हापुरात मिसळीबरोबर लादीपाव नाही, स्लाईस ब्रेड येतो. तो कटात बुडवून लगेच तोंडात टाकायचा, वाटीत सोडला तर विरघळतो. इथला वडाही बऱ्याच ठिकाणी ब्रेडच्या स्लाईसबरोबरच मिळतो, पाव मागत बसू नका.

कटावरचा लाल थर म्हणजे मसाल्याचं तेल, आणि मिरचीचा बहुतेक जाळ त्या तेलात असतो. म्हणून ज्यांना सोसत नाही त्यांनी चमच्यानं तवंग बाजूला करून खालचा रस घ्यावा. तोंड पेटलं तर पाणी पिऊ नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, पाणी तो जिभेभर पसरवतं. दही, ताक किंवा सोबतचा कोरडा ब्रेड घ्या. लहान मुलांसाठी गावात दावणगिरी लोणी डोशाची दुकानं जागोजागी आहेत, तिथं मऊ, पांढऱ्या लोण्याचा डोसा मिळतो आणि कुणी रडत नाही.

खासबाग

मिसळीनंतर खासबाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथं रोमचं कलोसियम पाहिलं आणि कोल्हापुरात कुस्त्यांसाठी तसं मैदान करायचं ठरवलं. १९०७ ते १९१२ या काळात ते बांधलं. मैदानाच्या कडेला वर उभं राहिलात की रचना कळते: मधोमध कुस्तीचा गोल हौदा, आणि चारी बाजूंनी वर चढत जाणारा मातीचा उतार. पुढच्या माणसाचं डोकं मागच्याला आड येत नाही, त्यामुळं शेवटच्या ओळीतल्यालाही कुस्ती दिसते. हौद्याच्या लाल मातीत चपला घालून उतरू नका. पैलवान त्या मातीला हात लावून कपाळाला लावतात.

शेजारी संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, मूळचं पॅलेस थिएटर, १९१५ साली सुरू झालेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, आगीत ते आतून जळून गेलं. कोल्हापूरकरांना ती गोष्ट अजून लागते. मैदान आणि नाट्यगृह पाठीला पाठ लावून बांधले, कारण कुस्ती आणि नाटक या दोन्हींना राजाश्रय देणारा राजा एकच होता. इथं आलात तर निदान बाहेरून दोन्ही एकत्र बघा.

वेळ असेल तर साठमारी गाठा. हत्तींच्या झुंजींसाठी बांधलेलं दगडी आवार आहे. भिंतींमधल्या अरुंद फटी बघितल्या की अंगावर येणाऱ्या हत्तीपासून माणूस कुठं सटकायचा ते समजतं.

मटणाचं ताट

साडेबारा ते दीड ही वेळ. रविवारी आणि बुधवारी गावच मटण खातं, म्हणून त्या दिवशी मटण ताजं आणि रांगही मोठी. श्रावणात आणि नवरात्रात काही खानावळी बंद असतात किंवा फक्त शाकाहारी चालवतात, निघण्याआधी फोन करा. देवीचं दर्शन आणि मटण एकाच दिवशी नको असं घरात असेल तर ताट दुसऱ्या दिवसावर टाका, इथल्या कित्येक घरांत तसंच करतात.

पद्मा, ओपल, देहाती ही जुनी नावं आहेत, पण घरगुती खानावळीही तोडीस तोड असतात. ताटात सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, दही-कांदा, शेवटी भात असतो. कुठं खिमा किंवा उकडलेलं अंडं. रस्सा बहुतेक ठिकाणी परत वाढतात, मटणाच्या फोडी मात्र मोजून. म्हणून सुरुवातीलाच सुक्यावर तुटून पडू नका.

आधी पांढरा. वाटी तोंडाला लावून गरम असतानाच प्यायची. गार झाला की त्यातली चरबी गोठून टाळूला चिकटते, आणि मग लोक म्हणतात पांढऱ्यात काय विशेष नाही. हा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात खसखस, तीळ, काजू यांचं वाटण, नारळाचं दूध, आणि दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरीची फोडणी. चांगल्या रस्स्याची खूण सोपी आहे: तो पातळ असतो, पहिला वास अळणीचा येतो आणि मग मिरीचा झणका घशाला लागतो. वाटीत चमचा फिरवल्यावर खिरीसारखा दाट लागला, जिभेला पिठूळ वाटला, तर तो पीठ लावून दाट केलेला आहे. बारीक कण तरंगताना दिसले तर नारळाचं दूध घातल्यावर उकळी जोरात आली आणि दूध फाटलं. पिवळट दिसला तर हळद जास्त झाली. यातलं काही बाधत नाही, पण परत येताना दुसरी खानावळ बघा.

मग तांबडा. याचा रंग चटणीचा. इथं ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण चटणी, वर्षाची साठवणीची, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी मिरची. चटणी तेलात नीट परतली असेल तर वरचं तेल लालभडक आणि खालचा रस तपकिरी असतो. तेल फिकं आणि पाणीच लाल असेल तर रंग वरून आलाय. तांबड्यात भाकरी कुस्करा, चमचा ठेवून द्या, बोटांनी खा. सुकं मटण चपातीबरोबर. भातावर अर्धा तांबडा, अर्धा पांढरा एकत्र घेऊन बघा. तिखट कमी हवं तर ‘अळणी आहे का’ असं विचारा, मुलांना आणि आजाऱ्यांना तेच देतात. रक्ती-मुंडी (बकऱ्याचं रक्त आणि मुंडी यांचे पदार्थ) सगळीकडं नसते, असली तर लवकर संपते, बसतानाच विचारून ठेवा.

मटण न खाणाऱ्यांनी अख्खा मसूर आणि भाकरी मागवावी. मसूर अख्खाच राहिला पाहिजे आणि तरी आतून लोण्यासारखा शिजलेला, हीच त्याची परीक्षा.

जेवल्यावर दोन तास काहीही ठरवू नका.

संध्याकाळ: भेळ, रंकाळा, दूध

पाचनंतर खासबागेच्या खाऊगल्लीत परत या. राजाभाऊंची भेळ नावाजलेली. भेळ हातात पडल्यापासून तीन-चार मिनिटांत संपली पाहिजे, चिंचेच्या पाण्यानं चुरमुरे मऊ पडतात. म्हणून चौघांसाठी एकदम चार नको, दोन-दोन घ्या.

तिथून रंकाळा रिक्षानं दहा मिनिटं. सूर्य पलीकडं, शालिनी पॅलेसच्या बाजूला मावळतो. १९३१ ते १९३४ दरम्यान बांधलेला हा राजवाडा तळ्याच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळं संध्याकाळी तो फक्त काळी आकृती म्हणून दिसतो. त्याच्या कमानी आणि घड्याळाचा मनोरा फोटोत हवा असेल तर सकाळी सात-आठला या, ऊन समोरून पडतं. तळ्यातला संध्यामठ पाणी जास्त असेल तेव्हा बुडतो, उन्हाळ्यात उघडा पडतो.

परतताना गंगावेस. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ, कोमट दूध पेल्यात देतात. पैलवानांच्या गावातली ही चाल आहे आणि दुधाची चव खरंच वेगळी लागते. पण हे कच्चं दूध आहे. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि नाजूक पोटाच्या लोकांनी ते पिऊ नये, घरी नेऊन उकळावं. आणि दिवसभर मिसळ, मटण, भेळ झालेली असेल तर निरोगी माणसानंही अर्ध्या पेल्यावर थांबावं.

दुसरा दिवस: उत्तरेकडचा रस्ता

सोमवार सोडून कुठलाही दिवस ठेवा, कारण टाऊन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. सकाळी कसबा बावड्यात मिसळ खाऊन शहराकडं परत यायचं, म्हणजे नवा राजवाडा वाटेतच लागतो.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात झाला, रचना मेजर चार्ल्स मँट यांची. आत पळू नका. आधी समोरच्या मोकळ्या जागेत पन्नास-साठ पावलं मागं जा. मधला अष्टकोनी घड्याळाचा मनोरा, घुमट, गुजरात-राजस्थानकडच्या देवळांसारखे खांब, मराठी वाड्याची ठेवण आणि इंग्रजी आराखडा, हे सगळं घडीव काळ्या दगडात एकत्र बसवलेलं आहे आणि ते लांबूनच कळतं. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय. तिथं फोटो काढू देत नाहीत, ते सांगितल्यावर वाद घालू नका. दरबार हॉलमध्ये मान वर करून रंगीत काचा बघा, शिवचरित्रातले प्रसंग आहेत. पेंढा भरलेल्या जनावरांच्या दालनात मुलं घाबरू शकतात. दीड तास पुरतो.

पुढं भाऊसिंगजी रोडवर सीपीआर दवाखाना आणि समोर टाऊन हॉल. दोन्ही मँट यांच्याच काळातल्या इमारती. टाऊन हॉल १८७२ ते १८७६ दरम्यानचा, उतरती छपरं, जुळे मनोरे, टोकदार कमानी. नवा राजवाडा बघून लगेच हा बघितला की एकाच माणसाचा हात काही वर्षांत कसा देशी वळणावर गेला ते दिसतं. आतलं संग्रहालय छोटं, पण कोल्हापुरातली फार जुनी गोष्ट इथं आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं, त्यात रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या. त्यातली समुद्रदेव पोसायडनची मूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. सातवाहन काळात समुद्रापलीकडचा माल घाट चढून इथवर येत होता, हे त्या मूर्तीवरून कळतं. काचेच्या अगदी जवळ जाऊन पायांची ठेवण बघा, एका पायावर भार आणि दुसरा सैल.

मूर्ती पाहून झाली की ब्रह्मपुरी आणि पंचगंगा घाटावर जा. तिथं राजघराण्याच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये नदी चढलेली असते, घाट आणि खालची देवळं पाण्याखाली जातात. पाणी पायऱ्यांवर असेल तर खाली उतरू नका, शेवाळावर पाय ठरत नाही. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर शहराबाहेर जाणारे रस्तेच बंद होतात. पावसाळ्यात निघण्याआधी पंचगंगेची पातळी बघूनच निघा.

घरी न्यायचं ते

गूळ घ्यायचा तर दिवाळी ते मार्च, गुऱ्हाळं चालू असताना. पिवळाधमक, डाग नसलेला रवा (गुळाची ढेप) बघून भुलू नका, तो रंग काढायला बऱ्याचदा पावडर वापरलेली असते. तपकिरी, थोडा मऊ घ्या, आणि काकवी मिळाली तर एक बाटली. कांदा-लसूण चटणीत कांद्याचा ओलावा असतो, म्हणून ती काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि ओला चमचा घालू नका, बुरशी येते. चप्पल लाईनीत कोल्हापुरी घेताना तळ बघा: चामड्याच्या वादीनं शिवलेली घ्या, खिळ्यांची नको. पहिले तीन-चार दिवस पायाला लागते, आतून खोबरेल चोळून ठेवा आणि पावसात अजिबात घालू नका.